एडीएचडी आणि कोचिंग: मोठ्यांनी कशाच्या आधी काय करायचं

मोठ्या वयात एडीएचडी (लक्ष न टिकणं, चंचलपणा, उतावीळपणा अशी मेंदूच्या वाढीशी जोडलेली अवस्था) कळलेले लोक कोचिंगबद्दल, म्हणजे क्लास नाही तर रोजची कामं मार्गी लावायला कोणासोबत तरी नियमित बसण्याबद्दल, विचारतात तेव्हा पहिला प्रश्न जवळजवळ नेहमी हाच असतो, चांगला कोच कोणता? हा प्रश्न खरं तर चौथ्या नंबरवर यायला हवा. त्याच्या आधीची कामं राहून जातात, मग कोच कितीही हुशार असला तरी सुरुवातीचे महिने नुसते चाचपडण्यात जातात, पैसे जातात, आणि माणूस "माझ्यावर काहीच चालत नाही" म्हणून आधीपेक्षा जास्त खचतो. तेच होऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहितेय. एका बैठकीत वाचून होणार नाही असं वाटलं तर आत्ता फक्त पहिला टप्पा वाचा, तो करा, मग पुढचा वाचा.

## टप्पा १: आधी डॉक्टर

रील बघून "अरे हे तर माझंच वर्णन" वाटणं ही सुरुवात म्हणून ठीक आहे, पण तेवढ्यावर कोचला पैसे देऊ नका. थायरॉइड, कमी हिमोग्लोबिन, झोपेत श्वास अडकणं, एन्झायटी, डिप्रेशन, यातल्या कशानेही लक्ष उडतं आणि कामं राहतात. अशा वेळी कोचिंग घेतलंत तर चुकीच्या आजारावर मेहनत होईल.

मुंबईत केईएम, नायर, सायन या पालिकेच्या हॉस्पिटलांत आणि जेजेमध्ये मानसोपचार विभाग आहे, खर्च प्रायव्हेटपेक्षा खूप कमी. ओपीडीचे वार आधी विचारून घ्या, सकाळी लवकर जा आणि अर्धा दिवस रांगेत जाणार हे धरूनच सुट्टी टाका. प्रायव्हेट परवडत असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच विचारा की डॉक्टर मोठ्यांचं एडीएचडी बघतात का.

डॉक्टर साधारण डीएसएम-५ चे, म्हणजे मानसिक आजार ओळखायच्या अमेरिकन मार्गदर्शक पुस्तकाचे निकष लावतात. १७ वर्षं आणि त्यापुढच्यांसाठी लक्ष न लागण्याच्या ९ लक्षणांपैकी किंवा चंचलपणा-उतावीळपणाच्या ९ लक्षणांपैकी किमान ५ हवीत, त्यातली काही वयाच्या १२ वर्षांआधीपासून हवीत, आणि त्रास फक्त ऑफिसात किंवा फक्त घरी नाही तर किमान दोन ठिकाणी दिसायला हवा. म्हणून जाताना हे घेऊन जा:

१. शाळेची प्रगतीपुस्तकं, मिळाली तर. मार्कांपेक्षा शेरे महत्त्वाचे. "हुशार आहे पण लक्ष नसतं", "वह्या अपूर्ण", "सतत बडबड" असलं काही.
२. लहानपणी तुम्हाला जवळून बघितलेलं माणूस, आई, मोठी ताई, मामा, कोणीही. येणं जमत नसेल तर फोनवर बोलतील का ते विचारून ठेवा.
३. जागतिक आरोग्य संघटनेची एएसआरएस नावाची १८ प्रश्नांची प्रश्नावली भरून. ती फक्त चाळणी आहे, तिच्यावरून डायग्नोसिस होत नाही.
४. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, आधीचे ब्लड रिपोर्ट, झोपेच्या वेळा.

बायकांसाठी एक मुद्दाम सांगते. शाळेत जी मुलगी शांत बसून खिडकीबाहेर बघायची तिचं एडीएचडी कोणाच्या लक्षात येत नाही, कारण ती वर्गाला त्रास देत नव्हती. त्यामुळे तिशी-चाळिशीत, मूल झाल्यावर किंवा पाळी जायच्या सुमारास सगळं हातातून निसटायला लागलं की मगच हा विषय निघतो. लहानपणीचा पुरावा "उपद्व्याप" नसून "हरवलेली मुलगी" असा असू शकतो, तो डॉक्टरांना नीट सांगा.

सावधान: औषधं सुरू असतील तर ती घ्यायची, बदलायची, बंद करायची, हे फक्त डॉक्टर ठरवतात. कोच डोसबद्दल सल्ला द्यायला लागला तर तिथेच थांबा. मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचं औषध एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याखाली येतं, प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळत नाही आणि प्रत्येक केमिस्टकडे असतंच असं नाही, त्यामुळे शेवटच्या दोन गोळ्या उरल्यावर शोधाशोध नको. अॅटोमॉक्सेटिन या दुसऱ्या औषधाचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका.

हेही सावधान: जगणं नकोसं वाटत असेल तर हा लेख आणि कोच दोन्ही बाजूला ठेवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर २४ तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. कोचिंग नंतर.

## टप्पा २: कोचकडून काय मागायचं ते समजून घ्या

डॉक्टर डायग्नोसिस आणि औषध बघतात. थेरपिस्ट तुमच्या आत साचलेलं, म्हणजे वर्षानुवर्षं ऐकलेले टोमणे, लाज, भीती, नात्यातली भांडणं, यावर काम करतात. मोठ्यांच्या एडीएचडीसाठी खास आखलेली सीबीटी (विचार आणि सवयी बदलण्यावर काम करणारी थेरपी) ही थेरपिस्टच देतात आणि तिच्यावर कोचिंगपेक्षा जास्त संशोधन झालंय, हे माहीत असू द्या. कोच रोजच्या कामात तुमच्यासोबत बसून दोन गोष्टी करतो, काम नेमकं कुठे अडतं ते तुम्हालाच शोधायला लावतो आणि मग त्यावर छोटे प्रयोग करून बघतो.

इथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. लोक कोचकडे टाइमटेबल मागायला जातात. टाइमटेबल तर तुम्ही आजवर भरपूर बनवलेत, रंगीत पेनांनी बनवलेत, आणि नव्याचे नऊ दिवस झाले की ती भिंतीवर तशीच राहिलीत. एडीएचडीत काय करायचं हे माहीत नसतं असं बहुतेक वेळा नसतंच, माहीत असलेलं काम ठरल्या क्षणी सुरू होत नाही. सुरुवात करणं, मधेच दुसरीकडे न जाणं, तीन गोष्टी एकदम डोक्यात धरणं, वेळेचा अंदाज, राग आवरणं, ही मेंदूची वेगवेगळी कामं आहेत आणि प्रत्येकाचं घोडं वेगळ्या ठिकाणी अडतं. तुमचं कुठे अडतं हे कळणं ही कोचिंगमधली निम्मी कमाई आहे, कारण तोपर्यंत तुम्ही सगळ्याला एकच नाव देत असता, आळशीपणा.

पुढे जाण्याआधी तपासा: रात्र रात्र रडू येतंय, जुनं काहीतरी सारखं वर येतंय, दारू वाढलीये, असं असेल तर आधी थेरपिस्ट. दोन्ही एकत्रही चालतं, पण दोघांना एकमेकांबद्दल माहीत असू द्या.

## टप्पा ३: दोन आठवड्यांची नोंद

हा टप्पा जवळपास सगळे गाळतात आणि माझ्या मते हाच सगळ्यात मोलाचा आहे. कोचच्या समोर बसल्यावर "माझं सगळंच विस्कळीत आहे" म्हणालात तर त्यालाही काही धरता येत नाही. मागच्या मंगळवारी काय झालं ते आठवत नाही, आणि जे आठवतं ते फक्त वाईट आठवतं. म्हणून आधी दोन आठवडे काहीही सुधारायचं नाही, फक्त बघायचं आणि टिपायचं.

कशात टिपायचं? नवीन अॅप डाउनलोड करू नका, नवीन डायरी आणू नका, त्या दोन्हीचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच मेसेज पाठवता येतो, तिथे व्हॉइस नोट टाका. गर्दीच्या लोकलमध्ये फोन बाहेर काढायला जागा नसते तेव्हा प्लॅटफॉर्मवर उतरल्यावर जिन्याच्या आधी बाजूला उभं राहून वीस सेकंद बोला. मराठी, हिंदी, मिक्स, कसंही.

प्रत्येक नोंदीत एवढंच:

१. काय करायचं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं.
२. त्याच्या बरोबर आधी काय चालू होतं, फोन, भूक, कोणी रागावलं, कंटाळा.
३. किती वेळ लागेल वाटलं होतं आणि किती लागला.
४. जमलं असेल तर कशामुळे जमलं.

तिसऱ्या मुद्द्यावर थोडं थांबते, कारण मुंबईत तो फार चटकन उघडा पडतो. "ठाण्याहून दादर पाऊण तास" असं आपण म्हणतो, पण त्यात फक्त ट्रेन धरलेली असते. चावी शोधणं, लिफ्टची वाट, रिक्षा, स्टेशनचा ब्रिज, पहिली ट्रेन सोडून द्यावी लागणं, दादरला पूर्वेकडून पश्चिमेला येणं, मग ऑफिसपर्यंत चालणं, यातलं काहीच हिशोबात नसतं. एडीएचडीत वेळेचा अंदाज खरोखरच बिघडलेला असतो, त्यामुळे दरवेळी मनापासून वाटतं की आज पोचू. दोन आठवडे दारातून पाय बाहेर टाकल्याची वेळ आणि खुर्चीत बसल्याची वेळ टिपलीत की उशीर नक्की कुठल्या तुकड्यात होतो ते दिसतं, आणि बऱ्याच जणांचा तो प्रवासात नसतोच, घराच्या आतच असतो.

चौथा मुद्दाही सोडू नका. ३१ जुलैच्या आदल्या रात्री रिटर्न भरून होतं, पाहुणे यायच्या आधी एका तासात घर आवरून होतं, मैत्रीण शेजारी बसली की फाइल पूर्ण होते. म्हणजे क्षमता आहे आणि ती कुठल्या परिस्थितीत चालू होते ते तुमच्याच नोंदींत लिहिलेलं आहे. कोचला यातून सगळ्यात जास्त मिळतं. पाळी येणाऱ्यांनी पाळीच्या तारखाही टिपा, काहींना पाळीच्या आधीच्या आठवड्यात सगळं जास्त जड जातं. झोपायची वेळ तर सगळ्यांनीच टिपा.

नेहमीची चूक: चार दिवस नोंद राहिली म्हणून पूर्ण सोडून देणं. राहिली तर पाचव्या दिवशी "चार दिवस राहिली" एवढीच व्हॉइस नोट टाका आणि पुढे चला. ती पण नोंदच आहे.

## टप्पा ४: आता कोच शोधा

कोच म्हणवून घ्यायला आपल्याकडे लायसन्स लागत नाही, कोणीही वीकेंड कोर्स करून बोर्ड लावू शकतो, म्हणून चौकशी तुम्हालाच करायची आहे. आंतरराष्ट्रीय कोचिंग फेडरेशनची एसीसी, पीसीसी, एमसीसी अशी तीन प्रमाणपत्रं असतात आणि त्यांना अनुक्रमे किमान १००, ५०० आणि २५०० तासांचा कोचिंगचा अनुभव लागतो. पण ती जनरल कोचिंगची आहेत, एडीएचडीचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय का हे वेगळं विचारा. कोणी स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असेल तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा रजिस्ट्रेशन नंबर मागा, खऱ्या माणसाला त्यात काही वाटत नाही.

पहिल्या फोनवर हे विचारा:

१. मोठ्यांच्या एडीएचडीचं प्रशिक्षण कुठे आणि किती?
२. दोन सेशनच्या मधे संपर्क कसा? मेसेज चालतो का, किती?
३. मी काहीच न करता आलो तर तुम्ही काय करता?
४. सेशन चुकलं तर पैसे जातात का, पुढे ढकलता येतं का?
५. कोचिंग पुरेसं नाही असं वाटलं तर कोणाकडे पाठवता?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. "मग मी कमिटमेंटबद्दल बोलतो" किंवा "मी स्ट्रिक्ट आहे" असं उत्तर आलं तर हा माणूस एडीएचडीसाठी नाही, ओरडा तुम्ही शाळेपासून खाल्लाय आणि त्याने झालं असतं तर केव्हाच झालं असतं. "मग आपण ते का झालं नाही तेच बघतो" असं काही ऐकू आलं तर पुढे बोला.

भाषेचाही विचार करा. ऑफिसचं इंग्लिश उत्तम असलं तरी घरातली भांडणं, सासूबाईंचं बोलणं, स्वतःबद्दल वाटणारी लाज हे मराठीतच नेमकं सांगता येतं. विरार किंवा बदलापूरहून साउथ मुंबईत दर आठवड्याला सेशनला जाणं सुरुवातीलाच मोडेल, त्यापेक्षा व्हिडिओ कॉल घ्या, फक्त दार बंद करता येईल अशी जागा हवी. वन रूम किचनमध्ये ते अवघड असतं, तेव्हा लोक इमारतीच्या गच्चीत, पार्क केलेल्या गाडीत, ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये बसून सेशन करतात, चालतं.

सावधान: "एडीएचडी मुळापासून बरं करतो", "औषधं सोडवतो", "२१ दिवसांत बदल", "सहा महिन्यांचे पैसे आजच भरा तर डिस्काउंट", यातलं काही ऐकलं की फोन ठेवा. शेवटच्याबद्दल जास्त सांभाळा, कारण उत्साहाच्या भरात पटकन पैसे भरून टाकणं हेही आपल्याच लक्षणांत येतं. चार सेशनच्या वर आगाऊ भरू नका आणि रात्री ठरवलं तर पैसे सकाळी पाठवा.

## टप्पा ५: पहिल्या सेशनला एकच विषय

दोन आठवड्यांच्या नोंदी ऐका, त्यात सगळ्यात जास्त वेळा आलेली एक गोष्ट निवडा. करिअर, वजन, घर, नातं, सगळं एकदम नको. "वेळेचं नियोजन सुधारायचं" हा विषय होत नाही, "सोमवार ते शुक्रवार ८:१२ ची पकडायची" हा होतो. "पैशाची शिस्त" होत नाही, "लाइट बिल आणि सोसायटीचा मेंटेनन्स दंड न बसता भरायचा" होतो. तीन महिन्यांनी झालं की नाही हे हो-नाहीत सांगता आलं पाहिजे.

याच सेशनमध्ये वेळ, फी, गुप्तता, हे सगळं लेखी ठरवून घ्या. कंपनीने कोच दिला असेल तर एचआरला काय कळतं आणि काय नाही हे तोंडी नको, मेलवर हवं.

## टप्पा ६: दर आठवड्याचा क्रम

चांगलं सेशन साधारण या क्रमाने जातं: काय झालं, घोडं कुठे अडलं, ते कशामुळे, आता एकच प्रयोग कुठला, आणि तो चालला हे कसं कळणार. कोच थेट चौथ्यावर उडी मारत असेल तर त्याला अडवा.

समजा डोंबिवलीत राहणाऱ्या, परळला ऑफिस असलेल्या एका बाईंचे कॅबचे क्लेम महिनोन्महिने भरायचे राहिलेत, स्वतःचेच पैसे अडकलेत. वरवर बघता "फॉर्म भरायचा कंटाळा". नोंदी बघितल्या तर फॉर्म दहा मिनिटांचा आहे, त्याचा त्रास नाहीच, पावत्या काही मेलमध्ये, काही स्क्रीनशॉटमध्ये, काही पर्सच्या तळाशी, आणि त्या गोळा करताना दुसराच मेल उघडला जातो की झालं. म्हणजे अडचण जमवाजमव करताना धागा सुटण्याची. मग प्रयोग असा: कॅबमधून उतरलं की गेटच्या आत पाय टाकायच्या आधी पावतीचा फोटो स्वतःच्या चॅटमध्ये. "हे झालं की ते" अशी गाठ मारलेली असेल तर "वेळ मिळेल तेव्हा" पेक्षा काम होण्याची शक्यता जास्त असते. आणि शुक्रवारी चार वाजता एक सहकारी शेजारी बसून आपलं काम करेल, ह्या क्लेम भरतील, दोघींनी बोलायचंसुद्धा नाही. नुसतं कोणी शेजारी असण्याने बऱ्याच एडीएचडीवाल्यांचं काम सुरू होतं.

पुढच्या आठवड्यात पाचपैकी तीन पावत्यांचे फोटो आले. इथे "फक्त तीनच?" म्हणायचं नाही, उरलेल्या दोनच्या वेळी काय झालं ते बघायचं. दोन्ही वेळा उतरताना कॉल चालू होता. म्हणजे प्रयोग फसला नाही, एक नवीन माहिती मिळाली, आता कॉल चालू असेल तेव्हाचं काहीतरी ठरवायचं. असं आठवड्यामागून आठवडे केलं की त्या बाईंना क्लेमपेक्षा मोठी गोष्ट कळते, की मधे कोणी बोललं की हातातलं निसटतं, आणि मग स्वयंपाकात गॅसवर दूध का उतू जातं, मुलाच्या शाळेची सही का राहते, तेही उलगडायला लागतं. स्वतःला समजणं म्हणतात ते असं, एका क्लेमच्या फॉर्ममधून येतं.

तपासा: सेशन संपताना पुढच्या आठवड्याचा प्रयोग एका वाक्यात सांगता येतोय का? दोन वाक्यं लागत असतील तर तो मोठा आहे, अर्धा करा. आणि कॉल ठेवायच्या आधीच फोनमध्ये रिमाइंडर लावा, "नंतर लावते" नको.

## टप्पा ७: नवेपणा संपल्यावर

महिना-दीड महिन्याने कंटाळा येणार. रिमाइंडरचा आवाज ऐकू येईनासा होणार, कोचचा मेसेज न वाचता ठेवला जाणार, आणि एका आठवड्यात काहीच झालेलं नसताना "आज बरं नाही" म्हणून सेशन रद्द करावंसं वाटणार. बहुतेक कोचिंग इथेच संपतं.

यावर दोन गोष्टी आधीच, म्हणजे उत्साह असतानाच ठरवून ठेवा. एक, काहीच केलं नसेल त्या आठवड्याचं सेशन कधीच रद्द करायचं नाही, फार तर पंधरा मिनिटांचं करा, कारण सगळ्यात जास्त शिकायला त्या आठवड्यात मिळतं. दोन, पद्धत बदलत राहायची पण विषय बदलायचा नाही. भिंतीवरचा चार्ट दिसेनासा झाला तर दारावर लावा, अलार्मची ट्यून बदला, शेजारी बसणारी मैत्रीण बदला. इतरांना एकच पद्धत वर्षभर पुरते, तुम्हाला दर काही आठवड्यांनी नवी लागेल, त्यात कमीपणा काही नाही.

## टप्पा ८: घर आणि ऑफिस

नवऱ्याला किंवा बायकोला कोच करू नका. "केलंस का?" हा प्रश्न कोचने विचारला तर माहिती असते, घरच्यांनी विचारला तर टोचणी होते आणि संध्याकाळ खराब होते. त्यांना एकच नेमकं काम द्या, उदाहरणार्थ रात्री साडेदहाला लाइट बंद करणं. आईबाबांना एडीएचडी हे नाव पटेलच असं नाही, "आमच्या वेळी नव्हतं असलं काही" ऐकावं लागेल, तिथे वाद घालण्यात शक्ती घालवू नका, "डॉक्टरांनी सांगितलंय, झोप आणि वेळा सांभाळायच्यात" एवढं पुरतं.

ऑफिसात डायग्नोसिस सांगायचंच असं नाही. बॉसला गरज सांगा: "मीटिंगनंतर मला दोन ओळींचा मेल टाकाल का", "महिन्याअखेरऐवजी दर शुक्रवारी थोडं थोडं मागा", "सकाळचे दोन तास हेडफोन लावून बसले तर चालेल का". नाव सांगायचं असेल तर तिथलं वातावरण बघून, कोचशी बोलून, शांतपणे ठरवा, रागाच्या किंवा भांडणाच्या भरात नको.

## टप्पा ९: तीन महिन्यांनी हिशोब

पहिल्या सेशनला ठरवलेलं वाक्य काढा, हो की नाही ते बघा. "बरं वाटतंय" एवढं धरू नका, परत एक आठवडा नोंद करा आणि जुन्या व्हॉइस नोटशी लावून बघा. विषय जमला असेल तर सेशन पंधरा दिवसांनी, मग महिन्याने करत न्या. काहीच हललं नसेल तर आधी डॉक्टरांना भेटा, औषध, झोप, डिप्रेशन परत तपासून घ्या, मग कोच बदलायचा का ते ठरवा. या क्रमाने, उलटं नको.

थांबायच्या आधीच्या सेशनमध्ये कोचसोबत बसून एक पान लिहून घ्या, फोनमध्ये पिन करा. त्यात तीनच गोष्टी हव्यात. तुमची गाडी घसरायला लागल्याच्या पहिल्या खुणा, म्हणजे न वाचलेले मेसेज वाढणं, जेवण चुकणं, रात्री दोनपर्यंत फोन, तुमच्या ज्या असतील त्या. मग कुठल्या काळात जास्त सांभाळायचं, नोकरी बदलली, घर बदललं, बाळ आलं, मार्च एंड, पाऊस पडून ट्रेनचं वेळापत्रक कोलमडलेले आठवडे. आणि शेवटी, घसरल्यावर पहिल्यांदा कुठली एक गोष्ट परत सुरू करायची. बहुतेकांसाठी ती झोप असते, पण तुमच्या नोंदी काय सांगतात ते बघून लिहा.